तारेला झोळ

चाळीस वर्षं मी विजेच्या तारा ओढल्या
साउथलंडच्या मेंढ्यांच्या डोक्यांवरून.
त्याचा पगार मिळायचा.
ही तार बिनपगारी: बत्तीस मीटर,
मागच्या अंगणात,
अक्रोडापासून मॅक्रोकार्पापर्यंत.

आमच्याकडे हिला उडता कोल्हा म्हणतात.
अख्ख्या देशात कोल्हा नाही, तरी.
मॉराग म्हणाली, याला शेपूट कुठंय?
म्हणून पुलीला दोराचा एक तुकडा बांधला.
आराखड्यात तो नव्हता.

आराखडा वीजबिलाच्या पाकिटावर, मागच्या बाजूला:
चढायला नऊ पायऱ्या, वर लाकडी माच,
माचाला तीन बाजूंनी कठडा,
उतार शंभराला सहा,
शेवटी टायर, आणि टायरखाली
लाकडाचा भुसा, घोट्याच्या वर येईल इतका.
कर्स्टी ख्राइस्टचर्चहून फोनवर म्हणाली,
बाबा, हेल्मेट.
हो, म्हटलं.
बाबा, मला आठवतंय.

तिला आठवतं ते माझं पहिलं यंत्र.
सत्त्याऐंशी साल. कपडे वाळत घालायची तार,
ब्रेक म्हणून गवताची गंजी,
आणि तिचा डावा हात,
जो अजून जुलैत ठणकतो.

शेजारचा टामती आला, मिशीत हसत.
भोक कशाला पाडतोस झाडाला?
गुंडाळ की तार बुंध्याला, मऊ फडकं घालून.
त्याला सांगितलं, गळ्याला वेढा पडला
की झाड आतून उपाशी मरतं,
फडकं कितीही मऊ असो.
आरपार बोल्ट त्याला चालतो.
चार-पाच वर्षांत साल वॉशर गिळून टाकते
आणि आपलं काम करत राहते.
गिरमिट फिरवताना मी अक्रोडाला सॉरी म्हणालो,
हळूच. टामतीनं ऐकलं.
आता गावभर झालं असेल.

सगळ्यांना वाटतं तार ताठ हवी.
ताठ तार ऐट दाखवते
आणि पहिल्याच पोराला बोल्ट उपटते.
झोळ ठेवावा लागतो,
म्हणजे कुणी लटकलं
की द्यायला तिच्याकडे काहीतरी उरतं.
किती ते हाताला कळतं.
आकडाच हवा तर साठ सेंटीमीटर.

पहिली खेप बटाट्याच्या पोत्याची, पंचवीस किलो.
मॉराग तेवीस.
पोतं गेलं, टायरला थडकलं,
जरा मागे आलं आणि गप्प लोंबकळलं.
मग दोन पोती.
मग टामती, नको नको म्हणत, मग नुसताच ओरडत.
काही तुटलं नाही. टोपी नदीत गेली,
ती त्याची होती.

शनिवारी मॉराग माचावर चढली
आणि बसली.
रविवारी चढली, बसली,
सँडविच वर मागवलं.
कोल्हा अजून तयार नाहीये, म्हणाली.
बरं, म्हटलं.
मी खाली भुसा उगाच दाताळ्यानं सारखा केला,
दोनदा.

ढकललं नाही.
सत्त्याऐंशीत ढकललं होतं.
हे कर्स्टीनं कधी कुणाला सांगितलं नाही.
घसरले, म्हणाली होती डॉक्टरांना,
माझ्याकडे न बघता.

सोमवारी अंधारायला आलं होतं.
मी सिंकपाशी, त्याच पोत्यातले बटाटे सोलत.
तेव्हा पुलीचा आवाज आला:
आधी कुरकुर, मग लांब, बारीक, वर चढत जाणारा,
मग टायर.
मग काहीच नाही.
मी मोजलं, एक दोन तीन चार,
हातातला बटाटा गोटीएवढा झाला.
मग नऊ पायऱ्यांवर धावती पावलं.
पुन्हा आवाज.
खिडकी उजव्या हाताला होती.
मी डावीकडे तोंड करून उभा राहिलो,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

तेवढ्यात कर्स्टीचा फोन.
काय चाललंय?
बटाटे.
आणि मागे तो कसला आवाज?

कोल्हा, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ ती बोलली नाही.
फोन ठेवलाही नाही.
मी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला,
तार पुरेल तितका.